आधी दुहेरी दार बसवा: खानदेशातून इस्रोला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो),
आणि चांद्रयान-४ वर काम करणारे सर्व शास्त्रज्ञ व अभियंते,
बंगळुरू

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर नोकरीच्या मागे न लागता वडिलांची बाग धरली आणि जोडीला टिश्यू कल्चरच्या रोपांची छोटी रोपवाटिका उभी केली. तापीकाठची काळी जमीन, उत्तरेला सातपुडा, मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांत वाटलेलं वर्ष, एवढं माझं जग. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी तुमच्या चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा या जगातलं काम थांबलं होतं. ठिबकचे कॉक फिरवायला गेलेली माणसं मोबाइल हातात धरून बांधावर उभी होती. यान नीट उतरल्याचं कळलं तेव्हा माझ्या ऐंशी पार केलेल्या आईने देवापुढे दिवा लावला. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तुमच्या कामावर प्रेम असलेल्या माणसाने लिहिलेलं आहे, आणि ते तसंच वाचलं जावं अशी इच्छा आहे.

१८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. आपलं हे यान पहिल्यांदा चंद्रावरची माती घेऊन परत जमिनीवर येणार आहे. इतक्या वर्षांत आपण जायला शिकलो, उतरायला शिकलो. आता परक्या भूमीवरचं काही घरात आणायला शिकणार आहोत. माझं म्हणणं त्या परतीच्या दाराविषयी आहे.

त्याआधी माझ्या स्वतःच्या दाराची हकिकत सांगायला हवी.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मृगबागेच्या लागवडीला माझ्याकडे रोपं कमी पडली. पाऊस वेळेवर आला होता, शेतकरी दारात उभे होते. बाहेरच्या एका पुरवठादाराकडून मी दोन हजार रोपं आणली. चार-पाच पानांची, हिरवीगार, पिशवी फाडून पाहिलं तर मुळं पांढरीशुभ्र. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला, तरी डोळ्यांना निरोगी दिसली म्हणून ती सरळ माझ्या रोपांच्या रांगेला लावून ठेवली. वेगळी ठेवायला जागा होती. घाई होती म्हणून ठेवली नाहीत. ऑगस्टमध्ये आठवडाभर ढगाळ हवा आणि झिमझिम राहिली, आणि कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटायला लागले. मग पानं आकसली, काही झाडांचा पोंगाच सडला. आमच्याकडे याला हरण्या म्हणतात, कृषी विद्यापीठातली माणसं कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात. तोवर त्यातली निम्मी रोपं ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बागांत लागून गेली होती. मावा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो, तेवढ्यात हा विषाणू पोचतो. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं आणि गाडायचं, एवढंच हातात असतं. एका शेतकऱ्याच्या बागेतली नऊशे झाडं त्याने आणि मी मिळून उपटली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. दुपारी त्याच्या घरच्यांनी मलाही पानावर बसवलं, भाकरी वाढली. ती भाकरी मला आजही घशात अडकल्यासारखी वाटते.

त्यानंतर मी रोपवाटिकेला दुहेरी दार बसवलं. बाहेरचं दार उघडून आत यायचं, ते लावायचं, आणि मगच आतल्या दाराला हात लावायचा. दोन दारांच्या मध्ये पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचं पसरट घमेलं. शेडला माव्यालाही शिरता येणार नाही अशी बारीक जाळी. बाहेरून आलेल्या रोपांना लांबच्या कोपऱ्यात वेगळा निवारा, आणि तिथे पुरेसे दिवस गेल्याशिवाय त्यांना बाकीच्यांत आणायचं नाही. खर्च फार आला नाही. हे सगळं मी त्या दोन हजार रोपांच्या आधीही करू शकलो असतो.

हे पत्र लिहितोय असं शेजारच्या गावातल्या अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, चांदनं आमले काय करनं शे?" त्यांचा प्रश्न खरा आहे. कपाशीला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, त्यात चंद्राचा विचार कोण करणार? पण अप्पांच्या गोठ्यातला एक बैल २०२२ मध्ये लम्पीने गेला. हा आजार मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला, आणि तीन वर्षांनी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रातल्या त्या साथीचं पहिलं जनावर सापडलं ते आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. बैलबाजार बंद झाले, पोळ्याला बैल गोठ्यातच पुजावे लागले. मक्यावरची लष्करी अळी अमेरिका खंडातली. ती २०१८ मध्ये कर्नाटकात आली आणि पाहता पाहता आमच्या मक्याच्या पोंग्यात बसली. लांबची गोष्ट जवळ यायला किती वेळ लागतो, हे खानदेशाला कोणी शिकवायला नको.

आणि माती. केळीच्या पनामा मर रोगाची टीआर-४ ही जात भारतातही येऊन पोचली आहे. ही बुरशी झाड मेल्यावरही जमिनीत वर्षानुवर्षं, काही ठिकाणी दशकानुदशकं तग धरून राहते. ती नव्या शेतात जाते ती रोगट कंदातून, वाहत्या पाण्यातून, अवजाराला, ट्रॅक्टरच्या चाकाला किंवा बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून. एके काळी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी चालायची. याच रोगाच्या आधीच्या जातीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिचे मळेच्या मळे बसवले, आणि जगाला कॅव्हेंडिशकडे वळावं लागलं. जळगाव जिल्ह्यात आज घरोघरी लागते ती जी-९ त्याच कॅव्हेंडिश गटातली, आणि टीआर-४ पुढे तिचाही टिकाव लागत नाही. म्हणून "चिमूटभर माती" हा शब्द कानावर पडला की आमच्या भागातला माणूस सावध होतो.

आता तुमची बाजू. यावर शास्त्रज्ञ काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं मला पटतं. चंद्रावर हवा नाही, पाणी धरून ठेवणारी माती नाही, दिवसा भाजणारं आणि रात्री गोठवणारं तापमान, वरून किरणांचा मारा. १९६९ पासून तिथले दगड आणि धूळ पृथ्वीवर आहेत. चीनने २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती आणली. त्यातून काही बाहेर पडलं नाही. अंतराळ संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती कॉस्पार हिच्या नियमांतही चंद्रावरून येणाऱ्या नमुन्यांवर जैविक निर्बंध नाहीत. चंद्राच्या मातीतून साथ येईल म्हणून कोणी घाबरलं असेल, तर त्याची समजूत मी स्वतः घालेन. माझी काळजी त्याच्या पुढची, मंगळावरून येणाऱ्या मातीची आहे.

आकाशातून दगड कायम पडत आले आहेत, हेही खरं. १८४३ मध्ये आमच्या खानदेशातच, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगावला एक दगड पडला. अभ्यासकांनी त्याला डायोजेनाइट प्रकारात घातलं आहे, आणि असे दगड वेस्टा या लघुग्रहावरून आले असं मानलं जातं. बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेला दगड तर मंगळावरचा निघाला. म्हणजे मंगळाची माती आपल्या देशात येऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. मग भीती कसली, असं कोणी विचारेल.

फरक वाटेचा आहे. असे दगड लाखो वर्षं उघड्या अवकाशात किरणं झेलत भटकलेले असतात, आणि वातावरणात शिरताना त्यांचं वरचं कवच वितळून जातं. यानातला नमुना मात्र सीलबंद नळीत, थंड आणि जपून, काही महिन्यांत घरी येतो. त्यातलं नाजुकातलं नाजूक काही असलं तर ते बिघडू नये, याचसाठी सगळा खटाटोप असतो. वाऱ्याबरोबर उडून आलेलं बी आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं रोप, यांत जेवढा फरक, तेवढा हा आहे.

दुसरा युक्तिवाद असा की मंगळावर जीव असलाच, तर त्याची आणि माणसाची कधी गाठ पडलेली नाही, त्यामुळे तो आपल्याला आजारी पाडणार नाही. विषाणूंच्या बाबतीत हे पटतं. विषाणूला त्याच्या कुलुपाची किल्ली लागते. पण मातीतल्या जिवाणूला यजमान लागतोच असं नाही. त्याला ओल लागते, क्षार लागतात, खायला काहीतरी लागतं. आमच्या जमिनीत नत्र धरणारे, स्फुरद मोकळा करणारे, पालापाचोळा कुजवणारे असंख्य जीव एकमेकांच्या आधाराने राहतात, आणि त्यांच्यावर पीक उभं असतं. त्या गर्दीत एखादा परका पाहुणा तगला तर तो कोणाची जागा घेईल, हे आधी सांगता येत नाही. बहुधा तो तगणारच नाही. पण सूक्ष्मजीव किती चिवट असतात याचा पुरावा तुमच्याच क्षेत्राने दिला आहे. डायनोकॉकस जातीचे जिवाणू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर, उघड्या पोकळीत, तीन वर्षं राहून जिवंत परतले. जिवाणूंच्या गोळ्याचे वरचे थर मेले, त्यांच्या आडोशाने आतले वाचले. जपानी शास्त्रज्ञांचा हा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून मी चंद्रापेक्षा पुढचा विचार करतो. मंगळाच्या पृष्ठभागावर अतिनील किरणांचा मारा आहे, मातीत परक्लोरेटसारखी घातक रसायनं आहेत. तिथे वर काही जगत असेल असं फारसं कोणी मानत नाही. पण चीनच्या तियानवेन-३ मोहिमेचा बेत दोन मीटर खोल छिद्र पाडून नमुना काढण्याचा आहे. किरणं तितक्या खोल पोचत नाहीत, म्हणूनच तिथे शोधायचं. यान २०२८ च्या सुमारास निघेल आणि साधारण २०३१ मध्ये किमान ५०० ग्रॅम नमुना पृथ्वीवर येईल, अशी त्यांची योजना आहे. अमेरिकेची पर्सिव्हिअरन्स गाडी २०२१ पासून मंगळावरच्या जेझेरो विवरात नमुन्यांच्या नळ्या भरते आहे. तिने २०२४ मध्ये पोखरलेल्या एका खडकावरच्या ठिपक्यांत प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकते, असं नासाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. शक्यता म्हणूनच जाहीर केलं, सिद्ध झालंय असा दावा केला नाही. त्या नळ्या परत आणण्याचा कार्यक्रम खर्चाच्या डोंगराखाली अडला आहे. तरी कोणाच्या ना कोणाच्या हाताने मंगळाची माती येणार, हे नक्की. आपणही मंगळावर उतरायचं स्वप्न पाहतो आहोत, आणि ते पाहायलाच हवं.

मग दारं कशी उघडतात, ते अपोलो-११ च्या परतीत पाहा. मला या सगळ्या विषयात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे.

त्या वेळी चंद्र निर्जीव आहे याची कोणालाही खात्री नव्हती. म्हणून अमेरिकेने ह्यूस्टनला खास प्रयोगशाळा बांधली, विलगीकरणासाठी चाकांची बंद खोली बनवली, चंद्र सोडल्यापासून २१ दिवसांचं बंधन घातलं. उंदीर, लावे, झुरळं, कोळंबी, कालवं आणि वेगवेगळी रोपं यांना चंद्राची धूळ देऊन पाहिलं. कागदावर काही कमी नव्हतं. २४ जुलै १९६९ ला अंतराळवीरांना घेऊन आलेली कुपी प्रशांत महासागरात पडली. कुपी बंदच ठेवून माणसांसकट उचलून जहाजावर न्यायची, असा विचार आधी झाला होता. पण लाटांवर हेलकावणाऱ्या, तापलेल्या डब्यात थकलेली माणसं कोंडून ठेवायची आणि क्रेनला लटकवायची, हे धोक्याचं वाटलं. म्हणून पाणबुड्याने समुद्रातच झडप उघडली आणि आत विलगीकरणाचे पोशाख दिले. चंद्रावरची धूळ ज्या हवेत तरंगत होती, ती हवा त्याच क्षणी समुद्रावर मोकळी झाली. पुढचा सगळा बंदोबस्त त्यानंतरचा. पोशाख, जंतुनाशकाने पुसणं, बंद खोली, काचेआडून दिलेल्या शुभेच्छा, सगळं झडप उघडून झाल्यावर. प्रयोगशाळेतही हातमोजे फाटले, गळती झाली, आणि धुळीशी संपर्क आलेल्या कर्मचाऱ्यांनाही विलगीकरणात जावं लागलं.

काही झालं नाही, कारण चंद्रावर काही नव्हतं. अपोलो-१५ पासून विलगीकरण बंदही केलं. पण मी तो प्रसंग वाचतो तेव्हा मला माझी दोन हजार रोपं दिसतात. तिथेही सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. ऐन वेळी समोर जिवंत माणसं होती, उकाडा होता, घाई होती, आणि दार उघडलं गेलं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उघडलं असतं. म्हणूनच असा निर्णय त्या क्षणावर सोडायचा नसतो.

दुसरा प्रसंग ८ सप्टेंबर २००४ चा. सूर्यवाऱ्याचे कण घेऊन आलेली जेनेसिस कुपी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाळवंटात ताशी सुमारे ३११ किलोमीटर वेगाने आदळली आणि फुटली. पॅराशूट उघडलंच नाही, कारण वेग कमी होत असल्याची वर्दी देणारे छोटे भाग उलटे बसवलेले होते. तिच्यात जैविक धोका काहीच नव्हता. पण इतकी हुशार माणसं, इतकी वर्षं, आणि भाग उलटा. शेतकऱ्याला हे समजतं. आमच्याकडेही मोटर उलटी जोडली जाते.

तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा आहे आणि उलट्या दिशेचा आहे. जपानच्या हायाबुसा-२ ने रयुगू लघुग्रहाचा ५.४ ग्रॅम नमुना २०२० मध्ये आणला. त्यातला एक कण ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक तपासायला घेतला, तर त्यावर सूक्ष्मजीवांचे धागे वाढताना दिसले. ते परके नव्हते, आपल्याच पृथ्वीवरचे होते. नमुना उघडल्यावर थोड्याच काळात त्यांनी तिथे वस्ती केली होती. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाहेरचं आत इतक्या सहज शिरत असेल, तर आतलं बाहेर येणारच नाही, या भरवशावर किती झोपायचं?

इथे कामाची खरी मेख आहे. विषाणूंच्या प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. फट पडली तरी हवा आत ओढली जाते, बाहेर जात नाही. तुमच्या उपग्रह जोडण्याच्या स्वच्छ कक्षात दाब जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची धूळ आत येत नाही. मंगळाच्या नमुन्याला दोन्ही हवं: आपले जंतू त्याला लागू नयेत, आणि त्यातलं काही आपल्याकडे येऊ नये. एका खोलीत दुसरी खोली, एका दाबाच्या आत दुसरा दाब. अशी इमारत बांधायला, तपासायला आणि तिथली माणसं तयार करायला वर्षं लागतात. यान निघाल्यावर ती सुरू करून चालत नाही.

आपल्या देशाकडे यातलं अर्धं-अर्धं ज्ञान दोन ठिकाणी पडलेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च म्हणजे चौथ्या पातळीची जैवसुरक्षा प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. आणि तुमच्या इस्रोने तर परक्या जीवांचा शोध कधीच घेतलेला आहे. डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ मध्ये आणि नंतर २००५ मध्ये हैदराबादहून महाकाय फुगे सोडले गेले. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून पॅराशूटने खाली आणलेली. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात ती तपासली गेली. तीन नव्या जाती मिळाल्या, त्यांतल्या एकीला आर्यभटाचं आणि एकीला इस्रोचं नाव दिलं. त्या पृथ्वीबाहेरून आल्या असं तुम्ही ठामपणे म्हटलं नाही. पुराव्याइतकंच बोललात. तेव्हा मी नुकताच रोपवाटिकेत उतरलो होतो, आणि ती बातमी कापून मी वहीत चिकटवली होती. नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. हे पत्र त्यांना पाठवता आलं असतं तर, असं लिहिताना सारखं मनात येतं.

माझी विनंती अशी. चांद्रयान-४ ला कडक जैविक बंदोबस्ताची गरज नाही, हे मान्य आहे. त्याच कारणासाठी तो बंदोबस्त यावेळी करून पाहा. कुपी जमिनीला टेकल्यापासून नमुन्याची पहिली नळी उघडेपर्यंत, ही मंगळाची माती आहे असं समजून सगळं पार पाडा. चुकलं तरी कोणाचं नुकसान नाही, अशी तालमीची संधी पुन्हा येणार नाही. कुपीला तडा गेलाय असं मुद्दाम धरून पाहा. वारा सुटलाय, गावकरी बघायला गोळा झालेत, कुपीजवळ पहिला पोचला तो एखादा गुराखी पोरगा, असं धरून पाहा. आपल्या देशात हे शेवटचंच सर्वांत आधी घडेल. त्या तालमीत विषाणूशास्त्रज्ञ असोत, पण त्यांच्या शेजारी पशुवैद्य, वनस्पती रोगशास्त्रज्ञ आणि जिल्हा प्रशासनही असू द्या. आणि काय काय चुकलं ते छापा. चुका झाकलेली तालीम कोणाच्या उपयोगाची नाही.

आता भरपाईचा मुद्दा, तो आमच्या भागात हसण्यावारी नेला जात नाही. १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम सांगतं की पृथ्वीबाहेरचे पदार्थ आणल्यामुळे इथल्या पर्यावरणात घातक बदल होऊ देऊ नयेत. भारताने १९८२ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. १९७२ च्या करारानुसार अंतराळातल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश जबाबदार. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि शेवटी ३० लाखांवर मिटलं. तिथे निदान तुकडे दाखवता आले. सूक्ष्मजीवाने केलेलं नुकसान दाखवायचं कसं? आमच्या फळपीक विम्यात ऊन बसतं, थंडी बसते, वारा आणि गारपीट बसते, हरण्या बसत नाही. देशाच्या अंतराळ कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे आला होता, धोरण २०२३ मध्ये आलं, खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. कायदा करताना परत येणाऱ्या नमुन्यांचं कलम त्यात स्पष्ट असावं: परवानगी कोण देणार, तपासणार कोण, आणि जबाबदारी कोणाची. मंगळाचा नमुना आपण आणू न आणू, कॉस्पार आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीत आपल्याला आवाज आहे. चीन असो वा अमेरिका, तुमची प्रयोगशाळा बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवा, असं तिथे भारताने म्हणायला हवं. तसं म्हणण्याचा अधिकार आपण स्वतः तालीम करून मिळवावा.

एक लहान गोष्टही मागतो. तुमच्या परतीच्या योजनेतला सुरक्षेचा भाग मराठीत आणि देशातल्या बाकीच्या भाषांत प्रसिद्ध करा. कोविडच्या पहिल्या महिन्यांत आमच्या गावात काय काय पसरलं होतं ते मी पाहिलंय. लोक आजारापेक्षा न कळणाऱ्या शब्दांना जास्त घाबरले, आणि जे घाबरले नाहीत त्यांनी कशाचीच पर्वा केली नाही. चंद्राची माती उतरेल त्या दिवशी मोबाइलवर काय फिरायला लागेल, याची मला आताच काळजी वाटते. त्याआधी खरी माहिती गावात पोचलेली असावी. ग्रामपंचायतीत वाचून दाखवता येईल अशी चार पानं पुरतील. भाषांतराला माणूस हवा असेल तर मी करून देईन.

अपोलोच्या वेळी चंद्राची धूळ रोपांना देऊन पाहिली होती. तुम्हीही तसा प्रयोग कधी करणार असाल तर त्यात केळी असू द्या. निर्जंतुक बाटलीतली, तपासणी झालेली जी-९ ची रोपं माझ्याकडून मोफत घ्या. आधीच कळवलंत तर मृगबागेच्या गडबडीतून ती बाजूला काढून ठेवीन, लांबच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या निवाऱ्यात.

आपला,
एक केळी उत्पादक आणि रोपवाटिका चालक,
ता. चोपडा, जि. जळगाव